दोनशे पासष्टची लागण

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात फ्लू शिरला. अंगात शिरायला अजून अवकाश होता. ते पुढं येईलच. तुम्ही चहा घ्या तवर, कारण ही गोष्ट सांगताना मी मधे थांबत नसते. थांबलं की ऐकणारी आधीच हसायला लागतात.

तर सात दहा. गॅसवर शंभूचं दूध. शंभू म्हणजे माझा लेक, अजून वर्षाचा नव्हता, कडेवरच होता. समोर टीव्ही. आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. नवा फ्लू, त्याची नवी जात, नकाशा आणि नकाशावर लाल ठिपके. काल जिथं एक ठिपका, तिथं आज गोवर आल्यासारखं लाल. खालनं पट्टी पळतेय, अमक्या जिल्ह्यात लागण, तमक्या शहरात लागण.

तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावरनं आबांचा आवाज आला. आबा म्हणजे माझे सासरे. ते फोनवर असे बोलतात की पलीकडच्याला फोनची गरजच नसावी.

"व्हय, संपतरावाकडं काल झाली की लागण. दोनशे पासष्ट. व्हय, यंदा समदीकडं तीच. बेणं? बेणं मिरजेकडनं आलं."

दूध उतू गेलं.

आता मला नावं ठेवायच्या आधी जरा ऐका. माझं माहेर म्हसवडकडचं. तिकडं पाऊस पडला तर बाजरी पेरतात, न्हाई पडला तर आभाळाकडं बघतात. शाळा सातवीपर्यंत. लग्न झालं ते फौजीशी, आणि लग्नानंतरची सगळी वर्षं गेली राजस्थानात, क्वार्टरमध्ये. कृष्णाकाठच्या सासरी मुक्कामाला आले ती शंभूच्या वेळी. म्हणजे लागण हा शब्द मी शिकले तो टीव्हीकडनं. आणि टीव्हीवर लागण एकाच गोष्टीची होते.

आणि बेणं? आमच्याकडं बेणं म्हणतात वांड माणसाला. 'लय बेणं हाय ते.' म्हणजे मिरजेकडनं कुठलं तरी बेणं आलं आणि गावात दोनशे पासष्ट जणांना आजार वाटून गेलं. हिशोब जुळला का न्हाई?

मी काय गप्प बसते? टीव्हीवाल्यांकडं नकाशा, माझ्याकडं कपाटाचा आरसा. टिकल्यांचं अख्खं पाकीट काढलं आणि आरशावर गाव मांडलं. खाली नदी, मधे पाट, वर आपली वस्ती. संपतरावांच्या जागी एक लाल टिकली. मग खिडकीत उभी राहून, तोंडाला ओढणी बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले.

पहिली सापडली सुमनकाकी, संपतरावांची बायको. डोक्यावर बुट्टी घेऊन निघाली होती, अगदी खुशाल.

"काकी, तुमच्यात लागण झाली म्हणं?"

"झाली की बाई. सुटले एकदाची."

"आणि तुमी अशा मोकळ्या फिरताय?"

"मग काय धरून बसू? झाली ती झाली. आता नुसतं येळंला पाणी द्यायचं."

"त्रास काय होतोय?"

"कंबर गेली बघ. वाकून वाकून दोन दिस सरळ हुता येईना."

अंगदुखी. टीव्हीवर हेच सांगत होते. मी विचारलं, "सुरुवात कशी झाली?"

"आमची एक डोळा हाय. पाटाकडचा सर्जेराव दोन डोळ्यांची करतोय."

मी काकीचे दोन्ही डोळे नीट बघितले. मला तर दोन्ही बरे वाटले. पण आजार आतल्या आत असतो.

बुधवारपर्यंत आरशावर टिकल्याच टिकल्या. आणि मला एक गोष्ट दिसली, जी टीव्हीवरच्या मोठमोठ्या माणसांनाही दिसली नव्हती. साथ नदीकाठनं सुरू झाली होती आणि पाटाच्या कडेकडेनं वर सरकत होती. ज्याची पाण्याची पाळी, त्याच्याकडं लागण. टीव्हीवरचा चष्मेवाला म्हणत होता, साथ पुढं कुठं जाईल हे आज सांगता येत नाही. मला येत होतं. सर्जेरावाकडं गुरुवारी होणार म्हणून मी हिरवी टिकली लावली, आणि गुरुवारी झाली. खोटं वाटतं तर सर्जेरावाला विचारा.

माझा मलाच अभिमान वाटला. मग लक्षात आलं, सर्जेरावानंतर पाटावर आपलंच घर.

स्वयंपाकघरात गेले. आत्या, म्हणजे सासूबाई, गहू निवडत होत्या.

"आत्या, आपल्यात कवा होणार लागण?"

"रविवारी. सांगायचंच ऱ्हायलं बघ. धा-बारा माणसं जेवायला असतील, पुरणाचं करू."

"टाळता न्हाई का येणार?"

"टाळायची कशाला? उशीर झाला तर उतारा मिळत न्हाई."

बघा, म्हणजे औषधाचा उतारासुद्धा वेळेत घेतला तरच लागू पडतो. मी हळू आवाजात विचारलं, "आणि शंभू?"

"त्येच तर. आबांनी ठरवलंय, औंदा पैल्यांदा शंभूच्या हातनं करायची. नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि पोराचा हात लावायचा. नातू हाय त्यांचा, हौस असती."

नारळ का, ते मला लगेच कळलं. आमच्याकडं जुनी माणसं पटकी आली की मरीआईला नारळ द्यायची, तसलंच काहीतरी. पण त्यात पहिला मान माझ्या लेकराला? हौस म्हणून?

नवऱ्याला फोन लावला. रेंज येत-जात होती.

"अहो, रविवारी आपल्यात लागण आहे."

"बरं झालं. वाफसा हाय तवर उरकून घ्या म्हणावं आबांना."

"अहो, शंभूच्या हातनं करणार म्हणतायत."

"मग चांगलंच की. माझ्या पण हातनं केलीती लहानपणी."

मी फोन ठेवला. आता कळलं हा माणूस असा का आहे.

घरात कुणी आपलं न्हाई म्हटल्यावर माणूस कुठं जातो? बचत गटाच्या ग्रुपवर. मी लिहिलं, "सर्व भगिनींना विनंती. आपल्या गावात दोनशे पासष्ट लागण. मिरजेकडच्या बेण्यापासून पसरली आहे. एका डोळ्यापासून सुरुवात होते, मग कंबर जाते. पाटाच्या पाण्याबरोबर पुढे सरकते. रविवारी आमच्या घरात होणार आहे. लहान लेकरं सांभाळा. पुढे पाठवा."

खाली माझं नाव आणि गाव घातलं. ग्रुपमधल्या गावच्या बायकांनी त्यावर नुसते अंगठे टाकले. त्यांना वाटलं, सून शेतीत लक्ष घालायला लागली. पण त्यातल्या कुणाची बहीण कुठं, कुणाची भावजय कुठं. संध्याकाळी आईचा म्हसवडवरनं फोन, रडवेल्या आवाजात, "बाळ, तुझा कुठला डोळा गेला?" दुसऱ्या दिवशी वडूजवरनं मावशीचा, तिला तो मेसेज तिसऱ्याच कुणाकडनं आला होता. आणि शनिवारी तो सरकारी दवाखान्यात पोचला, हे मला माहीत नव्हतं.

रविवार उजाडला. ओट्यावर माणसं जमली, पुरणाचा वास सुटला. मी शंभूला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली.

आत्या दारावर आल्या. "स्वाती, आगं दार उघड की, माणसं खोळंबल्यात."

"मी न्हाई उघडणार."

मग आबा आले. "पोरी, काय झालं? कोण काय बोललं का?"

"आबा, आजपर्यंत तुमच्या शब्दाबाहेर गेले न्हाई. पण माझ्या लेकराला मी लागण होऊ देणार न्हाई. मग मला माहेरी पाठवा न्हाईतर काय पण करा."

शंभू माझ्या मंगळसूत्राशी खेळत होता, आणि मी खरंच रडत होते. तेव्हाचं रडणं मी आजही थट्टेवारी नेत न्हाई.

मग आबा हळूच म्हणाले, "आगं, पोराला कोण लागण करतंय? पोरगं करणार हाय लागण."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? उसाला."

मी कडी काढली, पण अजून डोक्यात उजेड पडला नव्हता. तो पडायच्या आधीच दारात जीप थांबली. मास्क लावलेले एक तरुण डॉक्टर, दोन नर्स, आणि औषधांची पेटी.

डॉक्टर आबांना म्हणाले, "लागण कुठं झालीय?"

"झाली न्हाई अजून, आता करायचीय. या की, बसा."

"आम्हाला दोनशे पासष्टची माहिती मिळालीय. कुठं आहेत?"

"ते काय, ट्रॉलीत हायत."

डॉक्टरांनी ट्रॉलीकडं बघितलं. वर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला टाकलेला. ते दोन पावलं मागं सरकले. "झाकून का ठेवलेत?"

"उनानं वाळत्यात. सकाळीच कापल्यात, एक एक डोळ्याचं तुकडं केल्यात."

एक नर्स जीपला धरून उभी राहिली. डॉक्टर कसेबसे पुढं गेले, पाचट उचललं. खाली उसाच्या कांड्या. प्रत्येक कांडीवर एक कोंब फुटायची जागा, तिलाच इकडं डोळा म्हणतात. कांड्या म्हणजे बेणं. जातीचं नाव दोनशे पासष्ट. आणि ते वाफशाला, म्हणजे मातीत बेताची ओल आहे तवर, जमिनीत लावायचं म्हणजे लागण; वेळेत लावलं की भरघोस पीक येतं, तोच उतारा.

हे सगळं आबांनी एकेक करून सांगितलं, डॉक्टरांना. ऐकत होते मी.

डॉक्टर पहिल्यांदा गालात हसले. मग ओट्यावर बसून हसले. मग दम लागला म्हणून मास्क खाली ओढून हसले. मी लाजेनं मेले होते, पण पाहुण्याला चहा द्यायलाच हवा. कप घेऊन समोर गेले, ओढणी पार गळ्यात. डॉक्टर हसता हसता म्हणाले, "ताई, काही म्हणा, तुमच्यामुळं आज," आणि सणसणून शिंकले. माझ्याच तोंडावर.

शंभूच्या हातनं लागण झाली. त्यानं पहिली कांडी सरीत लावली, दुसरी तोंडात घातली.

आणि मला दोन दिवसांनी ताप भरला.

त्याच खोलीत मला एकटीला ठेवलं. शंभू आत्यांकडे, दाराआडनं मला टाटा करायचा. आबांनी एकदा आरसा बघितला आणि म्हणाले, "लागणी लिहून नेणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयकडं पण अशी नोंद नसंल. कुणाची लागण कवा, समदं बरोबर हाय." आत्यांनी सगळ्या टिकल्या काढून पाकिटात परत चिकटवल्या. एकच ठेवली, आपल्या घराच्या जागची. मी पडल्या पडल्या आरशात बघायची, तर ती नेमकी माझ्या नाकावर.

सुमनकाकी खिडकीत आली. "काय गं, तुजी लागण झाली म्हणं? एक डोळा का दोन?" बरी होऊन परत खोकला आला, तर आबा ओट्यावरनं म्हणाले, "आता खोडवा धरला हिनं." खोडवा म्हणजे तोडलेला ऊस पुन्हा फुटतो ना, ते. हा शब्द मी आधी विचारून घेतला.

एवढं झालं तरी माझा मेसेज काही थांबला न्हाई. परवा तो फिरून माझ्याच फोनवर आला. गावाचं नाव बदललेलं, आणि एका डोळ्याचे दोन डोळे झालेले. वाचला आणि शप्पथ सांगते, आधी शंभूला उचलून आत घेतलं, मग आरशात जाऊन माझे दोन्ही डोळे तपासले. त्यानंतर आठवलं.

तर एवढं करा. कुणी लागण म्हटलं की आधी विचारा, उसाची का माणसाची. हे चार घरी सांगा, म्हसवडला तर जरूर सांगा. आणि तो दोन डोळ्यांचा मेसेज तुमच्याकडं आला, तर मला तेवढा पाठवू नका. मी परत खरं मानेन.