पावणेबाराला वॉर्डात आलेला फोन

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. वॉर्डातलं एखादं खेळणं आपोआप वाजायला लागलं की बाकीच्या पोरी देवाचं नाव घेतात, मी सरळ त्यातले सेल काढून ड्रॉवरमध्ये टाकते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते ते करमणूक म्हणून, आणि निम्म्या वेळा मनात म्हणते, काय फेकतेय ही बया! आता पाळी माझ्यावर आलीय. तुम्हीही म्हणा, मी रागावणार नाही.

आम्ही हैदराबादचेच. पणजोबांपासून इथे, त्यामुळे आमचं मराठी ऐकून पुण्याची मंडळी गालात हसतात — "नक्को" आणि "हौ" तोंडातून जात नाहीत, काय करणार. घर विद्यानगरला. घरात नवरा, मी आणि माझी आई. आईसुद्धा नर्स. याच हॉस्पिटलात, याच वॉर्डात तिने तीस वर्षं काढली आणि रिटायर झाली. दोन वर्षांपूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळतं सगळं, डोकं लख्ख आहे, पण शब्द बाहेर येत नाही. फार तर घशातून "हं" एवढंच. दिवसभर तिच्यापाशी यादम्मा असते, आमची आया.

आईचा आणि माझा आवाज अगदी एकसारखा होता, हे इथेच सांगून ठेवते. मी लग्नाआधी घरचा फोन उचलला की तिच्या मैत्रिणी पाच-पाच मिनिटं माझ्याशी सासूच्या तक्रारी करायच्या. मीपण ऐकून घ्यायची!

तर गेल्या वर्षी लहान मुलांच्या नर्सेसची मोठी कॉन्फरन्स आपल्या हैदराबादेत भरली. माधापूरकडच्या एका हॉटेलात, दोन दिवस, कुठून कुठून आलेल्या नर्सेस. आणि त्यात माझा पेपर निवडला गेला! माझा! स्टेजवर, माइकवर, पंधरा मिनिटं. पत्र आलं तेव्हा मी ड्यूटी रूममध्ये अक्षरशः उडी मारली, आणि वॉर्डातल्या श्रावणीने घाबरून हातातला चहा सांडला. सुलतान बाजारात जाऊन मोरपिशी साडी घेतली. नवरा म्हणाला, "लग्नाला एवढी नटली नव्हतीस." म्हटलं, लग्नात मला कुठे भाषण करायचं होतं?

पेपरचा विषय आमच्या वॉर्डाची एक रीत. लहान बाळांच्या औषधात थेंबाथेंबाचा प्रश्न असतो. डॉक्टर डोस लिहितात मायक्रोग्रॅममध्ये, बाटलीतून काढायचं मिलिलिटरमध्ये, मधलं गणित नर्सचं. त्यात एक टिंब सरकलं की डोस दहापट. म्हणून आमच्याकडे हृदयाचं औषध भरताना दोन नर्सेस वेगवेगळं गणित करतात, एकमेकींच्या कागदात न डोकावता. आणि त्याच्याही आधी बाळाचं वजन मोठ्याने बोलायचं. ही रीत आईने घातलेली. "आधी तोंडाने वजन, मग हाताने औषध," हे तिचं पालुपद. नव्या पोरींना ती "बिड्डा" म्हणायची, तेलुगूत लेकराला म्हणतात तसं, पण वजन बोलली नाही तर त्याच बिड्डाची अशी काही हजेरी घ्यायची की पोरगी जन्मात विसरायची नाही.

मला मात्र अतिउत्साह नडला. नुसत्या जुन्या रीतीवर काय बोलायचं, काहीतरी नवीन दाखवू, म्हणून मी एक तक्ता केला. या वजनाला इतके मिली, त्या वजनाला तितके. रंगीत, कडेला हत्तीची पिल्लं. रात्री जागून टाइप केला, सुलतान बाजारातून लॅमिनेट करून आणला आणि कॉन्फरन्सच्या दिवशी सकाळी सातला वॉर्डात जाऊन औषधांच्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवला. त्याचा फोटो शेवटच्या स्लाइडवर हवा होता ना! फोटो काढला आणि तक्ता तसाच ठेवून निघाले. श्रावणीला वर सांगितलं, "बघ, आता सोप्पं झालं तुमचं."

तो तक्ता मी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतला होता का? नाही. दोघींनी तपासा म्हणून जगाला सांगायला निघालेली बाई मी, आणि स्वतःचं काम एकटीने उरकलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खरं तर एकजण बोलली होती. आदल्या रविवारी दुपारी मी आईसमोर तालीम केली. तिच्या खुर्चीसमोर लॅपटॉप ठेवला, हातात लाटणं घेतलं माइक म्हणून. तक्त्याची स्लाइड आली आणि आई एकदम अस्वस्थ झाली. डावा हात उचलला, मूठ वळली, मग बोटाने टेबलावर एकदा टक् केलं, मग चार बोटं दाखवली. मी म्हटलं, "चार वाजता चहा ना? देते गं!" तिने मान हलवली. पुन्हा मूठ, टक्, चार बोटं. पुन्हा... मी लॅपटॉप मिटला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "दमलीस तू. राहू दे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लेकीचं कौतुक.

आता कॉन्फरन्स. काय सांगू तुम्हाला, लग्नघर परवडलं असा गलका! गळ्यात ओळखपत्रं, खांद्याला सारख्याच पिशव्या, केरळच्या सिस्टर्स, विजयवाड्याच्या सिस्टर्स, जिकडे तिकडे "तुमच्याकडे किती खाटा?" आणि जेवायला बिर्याणी आहे ही बातमी दहा वाजताच फुटलेली. माझं सेशन अकरा चाळीसला. स्टेजवर फोन न्यायचा नाही म्हणून तो पर्समध्ये बंद करून पर्स शेजारच्या सिस्टरकडे दिली. अकरा चाळीसला अगदी घड्याळाबरहुकूम माझं नाव पुकारलं. पहिलं वाक्य बोलले आणि भीती कुठल्या कुठे पळाली. लोक ऐकत होते हो! एक-दोघी लिहूनसुद्धा घेत होत्या. मी मनात म्हटलं, आई, बघ, तुझी रीत कुठे पोचली.

मग तक्ता आला. भिंतीएवढ्या पडद्यावर. मी बोट दाखवत वाचायला लागले आणि चार किलोच्या ओळीवर अडले. तिथे लिहिलं होतं, चार मिली.

शून्य. टिंब. चार. मूठ, टक्, चार बोटं!

आई चहा मागत नव्हती. शून्य दशांश चार म्हणत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत मला जे दिसलं नाही, ते दिसलं तिला; वाचा गेलेल्या बाईने रविवारीच चूक पकडली होती.

आणि तो तक्ता या क्षणी वॉर्डात भिंतीवर होता. आणि तीन नंबरच्या खाटेवर सकाळीच भरती झालेलं बाळ होतं, सव्वा महिन्याचं, हृदयाला भोक असलेलं. त्याचा पहिला डोस बाराला. वजन चार किलो. सकाळी मीच त्याला तोललं होतं. दोघी तपासतील हो, पण दोघी एकाच तक्त्याकडे बघून तपासतील! माझ्या हत्तीच्या पिल्लांनी दुसरी तपासणीच मारून टाकली होती.

मी माइकवर "एक मिनिट" म्हणाले आणि धावले. साडीत पाय अडकला, एक चप्पल स्टेजच्या पायऱ्यांवर राहिली. शेजारच्या सिस्टरकडून पर्स ओढली. फोन सुरू व्हायला जो वेळ लागला ना... वैऱ्यावर अशी वेळ येऊ नये. अकरा पंचावन्नला वॉर्डाचा लँडलाइन वाजला. श्रावणीने उचलला.

"श्रावणी, तीन नंबरचं औषध थांबव! देऊ नको!"

"मॅडम," ती म्हणाली, वैतागून, "किती वेळा सांगाल? थांबवलं ना मघाशीच. फेकलंसुद्धा."

"मघाशी म्हणजे?"

"तुम्हीच नाही का फोन केला? पावणेबाराला."

मी भिंतीला टेकले. तिला म्हटलं, नीट सांग, एकेक शब्द सांग. तिने सांगितलं ते असं. औषध भरून झालं होतं. सिरिंजमध्ये चार मिली. दुसऱ्या सिस्टरने तक्ता बघून सहीही केली होती. तेवढ्यात फोन वाजला. आवाज माझाच, फक्त घसा बसल्यासारखा. तेलुगूत म्हणाला, "बाळाचं वजन बोल. मोठ्याने." श्रावणी म्हणाली, चार किलो. मग आवाज म्हणाला, "आता गणित कर. गोड वैपु चूडकु, बिड्डा." म्हणजे, भिंतीकडे बघू नकोस, पोरी. श्रावणीने कागदावर गणित केलं, उत्तर आलं शून्य दशांश चार, आणि तिने भरलेली सिरिंज तशीच फेकून दिली. फोन तोवर कट झाला होता.

"आणि मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मला आजपर्यंत कधी बिड्डा म्हणाला नाहीत. बरं वाटलं."

मी रडले की हसले, आठवत नाही. दोन्ही असावं. तक्ता फाडून टाक म्हणाले, बाळाच्या आईला भेटायला संध्याकाळी मी येते म्हणाले, आणि एका पायात चप्पल घालून परत स्टेजवर गेले. अध्यक्ष बाई घड्याळ दाखवत होत्या. मी तीच स्लाइड पुन्हा लावली आणि म्हटलं, "यात एक चूक आहे. माझी आहे. एकटीने केली, म्हणून झाली."  मग मागून एका म्हाताऱ्या सिस्टरने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. बिर्याणी मात्र तशीच सोडून मी सरळ वॉर्ड गाठला.

आता तुम्ही म्हणाल, फोन दुसऱ्या कुणी केला असेल. मीही तेच म्हटलं, आणि वॉर्डात गेल्यावर शोध घेतला. पावणेबारा ही वेळ श्रावणीच्या नोंदीत आहे — "फोनवरून सूचना, डोस थांबवला" — नर्स लोक वेळ चुकीची लिहीत नाहीत. त्या वेळी मी स्टेजवर होते, आयोजकांच्या व्हिडिओत दिसते, आणि चूक मलाही तोवर ठाऊक नव्हती. माझ्या फोनमध्ये एकच कॉल, अकरा पंचावन्नचा. वॉर्डाच्या जुन्या लँडलाइनवर नंबर दिसत नाही. तक्त्यातली चूक जगात एकाच माणसाला माहीत होती.

बाळाला बघितलं, मुठी वळून झोपलं होतं. त्याच्या आईला सगळं खरं सांगितलं आणि हात जोडले. तिने बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "दिलं नाही ना? बस." संध्याकाळची वाट न बघता हे सगळं उरकून घरी पोचले.

यादम्माला दारातच धरलं. "साडेअकरा ते बारा आई काय करत होती?" ती म्हणाली, "अम्मा झोपलेल्या होत्या. मी शेजारीच भाजी निवडत होते." फोन? आईकडे मोबाइल नाही. यादम्माचा आतल्या खोलीत चार्जिंगला होता, तिने आपणहून दाखवला, सकाळपासून एकही कॉल नाही. मग फोन परत चार्जिंगला लावून म्हणाली, "उठल्या तेव्हा घामाघूम होत्या. आणि घसा इतका कोरडा की दोन ग्लास पाणी प्यायल्या. एरवी घोटभर पाजायला अर्धा तास लागतो."

मी आईसमोर जमिनीवर बसले. मोरपिशी साडी, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात वॉर्डातली. सगळं सांगितलं. रविवारी तुझं ऐकलं नाही, माझं चुकलं गं, म्हणून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग विचारलं, "आई, फोन तू केलास?"

ती माझ्याकडे बघत राहिली. नव्या पोरी गणित सोडून भलतंच विचारायच्या तेव्हा बघायची तशी. मग डावा हात उचलला. चार बोटं.

"शून्य दशांश चार," मी हुंदके देत म्हटलं. "कळलं गं, कळलं..."

तिने जोरात मान हलवली. मूठ नाही, टक् नाही. नुसती चार बोटं, आणि हनुवटीने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

उठून चहा टाकला. आलं घालून, तिला आवडतो तसा.

बाळ पुढे बरं होऊन घरी गेलं. आमच्या वॉर्डात आता कुठलाही तक्ता दोन सह्यांशिवाय लागत नाही. मी केला असेल तर तो आधी विद्यानगरला येतो. मी एकेक वजन मोठ्याने बोलते, आई बोटांनी उत्तर देते, आणि शेवटी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही करते. त्या दुपारचा फोन कुणी केला, कुठून केला, मला आजही सांगता येत नाही. तिला पुन्हा विचारलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा-साडेअकराला ती झोपली की मी तिच्या उशाशी भरलेला पाण्याचा तांब्या ठेवते, एवढंच.