नानांनी सांगितलेला घरचा पत्ता

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

नगरजवळच्या आमच्या गावात, सलूनमध्ये, जुन्या युद्धावरून जुंपली होती. सरकारने तेव्हा दिलेलं कारण खरं होतं की बनवलेलं? लष्कराच्या सरावाच्या तोफांनी आरसे थरथरत होते, पण त्याची आम्हाला सवय आहे.

शेवटी खुर्चीत दाढीला बसलेल्या, त्याच युद्धात लढलेल्या नानांना विचारलं. त्यांच्या गालाला फेस तसाच.

"खरं-खोटं मला न्हाई म्हाईत," नाना म्हणाले. "पण टीव्हीवर कारण सांगितलं, त्याच्या पंधरा दिस आधीच आमच्याकडून घरचा पत्ता नव्यानं लिहून घेतला हुता, काही बरंवाईट झालं तर घरी कळवायला."

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. आज सकाळीच त्याचा फोन होता. "दादा, आपला पिनकोड सांग. फॉर्म भरायचाय."

घरी येऊन सगळी चॅनेल्स पाहिली. अजून कुणी काहीच कारण सांगत नाहीये.

तुमच्याकडे आलाय का असा फोन?