आप्पांचा ओल्डमॅन

मी डूख धरणारी बाई आहे. लग्नाच्या पंगतीत मला कुणी वाढायला विसरलं होतं, ते तोंड मी अजून विसरले नाही. आप्पा तर माझ्या लेकीला शेळी म्हणाले होते.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. घर म्हणजे दोन माग, आणि उरलेल्या जागेत आम्ही. नवरा दिवसभर साड्या विणतो, माग धडाधडा चालतात, आणि दोन वर्षांच्या पोरीला खाली सोडायची सोय नाही. पट्ट्यात हात गेला तर काय घ्या? म्हणून भाकऱ्या उरकल्या की मी तिला शेजारच्या मोकळ्या जागेत न्यायची. जागा आप्पांची, आप्पा म्हणजे शेजारचे एकटे राहणारे, पेन्शनीत गेलेले म्हातारे. तिथं शेवग्याचं एक झाड आणि माती, बाकी काही नाही. लेकीला तेवढं लई होतं. ती शेवग्याच्या शेंगेनं मला हाकायची, मी बैल व्हायचे. तिथंच ती पहिल्यांदा पळाली.

एक दिवस तिनं आप्पांनी नुकतीच लावलेली मिरचीची रोपं उपटली आणि मोठ्या मायेनं माझ्या हातात आणून दिली. आप्पा बाहेर आले.

"शेळी हाय व्हय गं ही, चरायला सोडलीयास? दाव्याला बांध की घरात!"

सगळी गल्ली ऐकत होती. मी म्हटलं, "आप्पा, चुकलं. दुसरी रोपं आणून लावते." पण ऐकतंय कोण? चार दिवसांत जागेला जाळी आली आणि फाटकाला कुलूप.

आता पोरीला न्यायचं कुठं? रस्त्यावर रिक्षा आणि टिपर. कडेवर घेऊन फिरवायचे मी तिला. कोपऱ्यावरची म्हैस दाखव, गिरणीचा पट्टा दाखव. पण कडेवर बसून पोर खेळतंय होय? परत येताना ती त्या फाटकाशी उतरायची, गज धरायची आणि म्हणायची, "उघल." आप्पा पलीकडं कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले. पेपर काही खाली यायचा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. थांब म्हाताऱ्या, म्हटलं, तुझं नाक ठेचलं नाही तर बघ.

डिसेंबर आला. आमच्या बेळगावात वर्षाच्या शेवटच्या दिवशी ओल्डमॅन जाळतात. पिंजर म्हणजे भाताचा पेंढा, त्याचा आणि जुन्या कपड्यांचा म्हातारा करायचा, पोटात फटाके भरायचे आणि सरत्या वर्षाला काडी लावायची. मोठी पोरं बाराच्या ठोक्याला जाळतात. आमच्या गल्लीत बारक्यांचा मात्र दिवेलागणीलाच. मी जाहीर केलं, यंदा बारक्यांचा ओल्डमॅन मी करणार.

आणि काय केला म्हणता! नवऱ्याच्या जुन्या पँटीत पिंजर कोंबलं. आप्पा घालतात तसला खाकी स्वेटर, तसलीच माकडटोपी, तोंडावर कोळशानं काढलेला जाड चष्मा आणि हातात घडी घातलेला पेपर. नवरा बघून दचकलाच.

"अगं, हे आप्पाच की! भांडण लागंल."

"लागू दे. माझ्या पोरीला दावं लावाया सांगतोय व्हय?"

एकच चुकलं. हौसेपायी मी तो आठवडाभर आधीच करून दारात खुर्चीवर बसवला. येणारे-जाणारे ओळखून हसायचे, मला गुदगुल्या व्हायच्या. पण लेकीला खेळायला दुसरं होतं काय? ती त्याच्या मांडीवर चढली. त्याला चुरमुरे भरवले. त्याची टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. त्याला आज्जा म्हणायला लागली, दुपारी त्याच्याच पोटावर डोकं टेकून झोपायला लागली. मी म्हणायचे, "कर लाड. पेटवायचाच हाय त्याला."

एकतीस तारखेच्या संध्याकाळी ओल्डमॅन मी मुद्दाम आप्पांच्या फाटकासमोर मांडला. पोरं जमली, बायका पदराआड हसत होत्या. गलका ऐकून आप्पा बाहेर आले. तोच स्वेटर, तीच टोपी. ओल्डमॅनकडं बघून जागच्या जागी थांबले. चष्मा काढून पुसला, परत घातला. काय सांगू, पोट भरलं माझं!

मी काडी ओढली. नवऱ्याच्या कडेवरून लेक "आज्जा! आज्जा!" करत हात पसरत होती. "पेटव की गं," कुणीतरी ओरडलं. मी पेटवला. पिंजर भडकलं, फटाके फुटले, माकडटोपीनं पेट घेतला. लेक किंचाळली, नवऱ्याच्या हातून निसटली, आणि तेवढ्यात तिला दुसरा आज्जा दिसला, न जळालेला. तिनं पळत जाऊन आप्पांच्या पायांना मिठी मारली.

आप्पा गडबडले. मग वाकले, तिला उचललं, तिचं तोंड स्वेटरात घेतलं आणि कानावर हात धरला. "न्हाय गं बाळ, मी हाय न्हवं. जळलो न्हाय मी." एका हातानं खिशातली किल्ली काढून त्यांनी फाटक उघडलं आणि आवाजापासून लांब, शेवग्याखाली तिला घेऊन गेले.

मी मागोमाग गेले. "ये, आईकडं ये," म्हणून हात पुढं केले. काडेपेटी अजून हातातच होती. लेकीनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवून परत आप्पांच्या स्वेटरात घातलं.

"आई नको," ती म्हणाली.