जिवंताच्या नावाची मिस्सा

माझ्या मावशीने एका धडधाकट माणसाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून वर्षभर प्रार्थना करवून घेतली. माणूस जिवंत होता, रोज कामावर जात होता आणि रविवारी चर्चमध्ये अगदी पुढच्या बाकावर बसत होता. हे पाप आहे म्हणणारे पुष्कळ भेटले. मी त्यांच्यातली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करायची. दिवसभर चादरी, ऑपरेशनचे हिरवे डगले, डॉक्टरांचे कोट. सगळे तिला कडक मावशी म्हणत. नाव कपड्यांवरून पडलं, पण स्वभावालाही शोभायचं. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी, माझ्याहून मोठी, म्हणून माझी ताई. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची.

तिथला सुपरवायझर एक नमुना होता. मुली चहाच्या निमित्ताने मागच्या दाराने सटकतात म्हणून तो त्या दाराला कुलूप घालायचा आणि चावी कमरेच्या पट्ट्याला अडकवून मिरवायचा. ताई घरी येऊन त्याची नक्कल करायची, पोट पुढे काढून, चावी खुळखुळवत. आम्ही हसून हसून लोळायचो. मग एका दुपारी कापडाच्या गठ्ठ्यांना आग लागली. पुढच्या बाजूला धूर कोंडला. तीन मुली मागच्या दाराशी सापडल्या. त्यातली एक ताई.

चौकशीत सुपरवायझर ताईचं नाव घेऊन, छातीवर क्रूस काढून म्हणाला, "चावी त्या दिवशी तिच्याकडे दिली होती. घाबरून तिला सापडली नसेल." मेलेलं माणूस काय उलट बोलणार? बाकीच्या मुलींना नोकरीची धास्ती, त्या मूग गिळून बसल्या. मावशीने नकलेबद्दल सांगितलं, तर चौकशीचे साहेब म्हणाले, "बाई, नक्कल हा काही पुरावा नाही." झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी. ताईबरोबर गेलेल्या दोघींच्या आयांनी मावशीशी बोलणं टाकलं. त्यातल्या एकीने तर चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत म्हटलं, "तुझ्या पोरीनं माझी जाळली."

मुलगी गेली हे मावशीने कसंबसं सोसलं असतं. हे तिला सोसवेना. ताईच्या नावावरचा हा डाग पुसायचा आणि त्या माणसाला मातीत घालायचं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

ती फादरांकडे गेली. फादर नवे, तरुण, पुस्तकं वाचून आलेले. मी सोबत होते.

"देवानं हे का होऊ दिलं?" तिने विचारलं.

"कुलूप देवाने नाही लावलं, मावशी. त्याने माणसाला मोकळं सोडलंय. चांगलं करायला आणि वाईट करायलाही."

"आणि दार उघडायला तो मोकळा नव्हता?"

 फादर हळू म्हणाले, "आपला देव दुःखाच्या बाहेर उभा राहून बघत नाही. त्याचाही मुलगा मारला गेला."

"त्याचा तिसऱ्या दिवशी परत आला. माझी?"

 यावर फादरांनी उगाच काही ठोकून दिलं नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आमच्याकडे रोजच्या सकाळच्या मिस्सेआधी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधी, आपापल्या मृतांची नावं फादरांना तोंडी सांगायची पद्धत आहे. फादर ती वेदीवरून घेतात आणि लोक त्यांच्यासाठी चिरशांती मागतात. जुनी बायकी समजूत अशी, की जिवंत माणसाचं नाव मृतांत घेतलं तर तो झिजत झिजत जातो. दुसऱ्याच दिवशी मावशीने सुपरवायझरचं नाव दिलं, बापाच्या नावासकट. त्याला सगळे नुसतं सुपरवायझर म्हणत; कोण मेलं, कोण जिवंत, नव्या फादरांना काय ठाऊक! सकाळी येणाऱ्या चार म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या नाती त्याच कारखान्यात होत्या. एकीने तोंडातून ब्र काढला नाही. उलट "प्रभो, त्याला चिरशांती दे" म्हणताना त्यांच्या आवाजाला असा जोर चढायचा की बास. मीही जायची. मनापासून म्हणायची.

पण मेला झिजेना! चांगला बाळसं धरू लागला. देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण मला तेव्हा पहिल्यांदा शिवीसारखी वाटली.

मग एका सकाळी तो सासऱ्याच्या पुण्यतिथीच्या मिस्सेला आला. फादरांनी सासऱ्याचं नाव घेतलं आणि पाठोपाठ त्याचंच. तो ताडकन उठला. "अहो फादर, मी इथे आहे!" सवयीने म्हाताऱ्या एका सुरात म्हणाल्या, "प्रभो, त्याला चिरशांती दे." मला खाली वाकून तोंड लपवावं लागलं.

फादरांनी मावशीला बोलावून झाडलं, आणि वर म्हणाले, "तुमच्या मनात काहीही असो, मागितलीत ती दयाच. या चर्चमध्ये त्याच्याइतकी प्रार्थना दुसऱ्या कोणासाठी झाली नसेल."

"मग परत घ्या ती!"

"ते माझ्या हातात नाही, मावशी."

घरी येऊन मावशी भिंतीला टेकून बसली. त्या हरामखोरासाठी मी वर्षभर देवाच्या पाया पडले, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिली. इतकी संतापलेली मी तिला आगीनंतरही पाहिली नव्हती.

काही दिवसांनी सुपरवायझर धुलाईखान्यात आला. वाफेत उभा राहून घाम पुसत म्हणाला, "मावशी, प्रार्थनेतून माझं नाव काढून का टाकलं? मला ती हवीय. त्या सकाळी ते ऐकल्यापासून वाटतंय, मी खरंच मेलोय. मी फादरांपुढे पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं. देवाने क्षमा केली."

"मग इथे कशाला आलास?" मावशीचा हात थांबला नाही.

"तुम्हीही माझ्यासाठी शांती मागितलीत की..."

"देवाला आधीच ठाऊक होतं, त्याच्या कानात सांगून काय मोठं केलंस? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. रविवारी, सगळ्यांसमोर."

"मला तुरुंगात टाकतील."

"टाकू देत. नाही सांगितलंस तर चर्चच्या दारात उभी राहून मीच रोज तुझं नाव घेईन. तुझी पोरं ऐकतील."

रविवारी लोकांनी माइकवर आपापल्या प्रार्थना मांडायच्या वेळी तो पुढे गेला. माइकसमोर त्याची जीभ अडखळली, पण तो बोलला. चावी त्याच्याच कमरेला होती. आग दिसताच तो पुढच्या दाराने पळाला होता, आणि मागच्या दारावरच्या थापा त्याने ऐकल्या होत्या. ते ऐकून कोणीतरी किंचाळलं.

"एकमेकांना शांती द्या," फादर म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे लोक एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. पायऱ्यांवर बोललेली ती आई धावत येऊन मावशीच्या गळ्यात पडली. दुसरी मागे उभी राहून रडत होती. मग तो आला, हात पुढे करून. सगळं चर्च बघत होतं. मावशीने हात दिला. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू?

दुपारी पोलीस त्याला न्यायला आले. मावशीने ते खिडकीतून शेवटपर्यंत पाहिलं आणि येऊन ताटावर बसली.

"मावशी, तू माफ केलंस त्याला?" मी विचारलं.

"हात दिला. चर्चची रीत आहे ती."

"आणि माफी?"

"देवानं एका पापनिवेदनात केली. त्याच्यामागे जगाचा व्याप, असेल घाई. मला कसली घाई?" तिने ताट पुढे सरकवलं. "वाढ अजून."