अप्पांचं सोवळं

आमच्या अप्पांना विसरण्याचा आजार जडला आणि वार गेले, नावं गेली, जेवलो की नाही हेही आठवेनासं झालं. सोवळं तेवढं राहिलं. ते कुठं जातंय! लहानपणी पूजेच्या वेळी माझ्या परकराचा काठ लागला तरी ते परत आंघोळीला जायचे, आणि जाताना माझ्याकडं असं बघायचे की वाटायचं, आपण जन्मालाच यायला नको होतं. कॉलेजात शंभर पोरांना एका हाकेत गप्प बसवणारी मी, पंचावन्नाव्या वर्षीही त्यांच्या देवघराच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहायची.

त्यांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई दिली की लगेच खायला द्या. पण सोवळ्यात सुई चालत नव्हती आणि पूजेआधी अन्न चालत नव्हतं. मग मीच तोड काढली. आधी सुई, मग आंघोळ, मग दहा मिनिटांत पूजा, की लगेच ताट. स्वतःला फार शहाणी समजत होते मी. त्यांच्या गळ्यात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड असायचं. ते नायलॉनच्या दोरीचं, म्हणून तेही आंघोळीआधी खुंटीला लागायचं. तेही मीच काढून ठेवायची.

त्या दिवशी मी फुलं आणायला विसरले. अप्पा देवघरातून ओरडले, "फुलं कुठं आहेत गं?" मी कुकर लावत होते. तिथूनच खेकसले, "एक दिवस फुलांवाचून देव काही उपाशी मरत नाही, अप्पा!"

जरा वेळानं ताट घेऊन जाते तर देवघर रिकामं. समई तेवत होती, पुढचं दार सताड उघडं होतं. चपला जागेवर, काठी जागेवर, आणि ते मेलं कार्ड खुंटीला.

ऐंशीच्या घरातला माणूस, अनवाणी, उपाशी, अंगावर नुसतं धोतर, अंगात इन्सुलिन आणि तोंडात स्वतःचं नावसुद्धा नाही. साखर उतरली की काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. आधी दरदरून घाम, मग थरथर, मग डोळे पांढरे. मी घड्याळ बघितलं. सुई देऊन पाऊण तास झाला होता. आमच्या विद्यानगरातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पोलिसांना फोन केला, शेजारी स्कूटर घेऊन निघाले. मी वाटेत देवाला नाही नाही ते बोलले. जन्मभर तुझी एवढी उठबस केली त्या माणसानं, आणि आज तू कुठं तोंड लपवून बसलायस?

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या अण्णांनी मला हात धरून रिक्षात बसवलं. म्हणाले, "अक्का, असं फिरून सापडायचे नाहीत. आधी कुठं राहत होता तुम्ही? माझा बाप पण असाच जुन्या घराकडं जायचा."

कमरीपेठ! तिथल्या दोन खोल्यांत आम्ही वीस वर्षं भाड्यानं राहिलो होतो, आणि दारात कण्हेर होती. आता घर नाही, कण्हेरही नाही. रिक्षा जाईल तशी माझी नजर दोन्ही बाजूंच्या गटारीकडं. पांढरं काही दिसलं की मी रिक्षा थांबवायला लावायची. दीड तास झाला होता. अण्णा काहीतरी बोलत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं.

अप्पा दिसले ते एका पायरीवर. भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी किंचाळलेच. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती. केस निथळत होते, लुगडं अंगाला चिकटलं होतं, आणि अप्पांचा हात तिच्या दोन्ही हातांत होता. मागच्या खोलीत पांढऱ्या कापडावर ज्वारीच्या कडक भाकरी ओळीनं वाळत घातल्या होत्या, पातळ, गोल, सगळ्या एकसारख्या. भाकरी करून विकायचा तिचा धंदा होता. खिडकीतून आलेल्या उन्हात त्या इतक्या सुंदर दिसत होत्या की त्या घाईतही मला रडू फुटलं.

"अज्जा फुलं शोधत होते," ती कानडीत म्हणाली. "घामानं भिजले, हात कापायला लागले. माझ्या आईला पण साखर आहे, मला कळलं. गूळ दिला तर घेईनात. सोवळ्यात आहे म्हणाले."

"मग?"

"मग विचारलं, अज्जा, मी आंघोळ करून आले तर घ्याल? हो म्हणाले. मग काय करणार, अक्का?"

तिनं तापलेला तवा उतरवला होता, मोरीत जाऊन डोक्यावरून दोन तांबे गार पाणी घेतलं होतं आणि ओलेत्यानंच त्यांना गूळ भरवला होता. अप्पांनी तिची जात विचारली नव्हती. मला माझीच लाज वाटली. सकाळपासून मी देव कुठं गेला म्हणून भांडत होते, आणि तो इथं मोरीत गार पाणी ओतून घेत होता.

तिनंच त्यांना धरून रिक्षात बसवलं. वाटेत दवाखान्यात साखर तपासली. डॉक्टर म्हणाले, गूळ वेळेवर पोटात गेला म्हणून बरं. घरची पायरी चढताना मी विचारलं, "अप्पा, पाणी तापवू? परत आंघोळ लागेल ना?"

"कशाला? सोवळं कुठं मोडलंय?" म्हणाले आणि थेट देवघरात गेले. डावी मूठ उघडली. तिच्यात गुळाचा खडा होता, अर्धा चावलेला, तळव्याला चिकटलेला. तो त्यांनी देवापुढं ठेवला, हात जोडले, परत उचलला आणि माझ्यापुढं धरला.

मी सवयीनं मागं सरले. "अप्पा, मी रस्त्यावरून आलेय. शिवू नका."

"घे म्हणतो ना! त्या बाईनं दिलाय," ते खेकसले, आणि उंबऱ्यावरून माझं मनगट घट्ट धरून त्यांनी तो गूळ माझ्या हातावर ठेवला. पूजेच्या वेळी अप्पांनी मला शिवायची ती पहिलीच वेळ.