रास अल खैमाचा जिताडा

अबुधाबीच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा माझ्या हातात पोह्याच्या पापडांचं खोकं होतं. ते मी विमानातही मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. धाकटी लेक सायली गळ्यात पडली, सात वर्षांच्या ईराने पर्स ओढून घेतली आणि जावयाने, मंदाररावांनी, ट्रॉली ताब्यात घेतली.

“प्रवास कसा झाला?” त्यांनी विचारलं.

“छान झाला,” मी म्हटलं.

आमचं बोलणं तिथेच संपलं. सायलीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाशी माझा संवाद याच्यापुढे कधी सरकला नव्हता. माणूस वाईट मुळीच नाही. पुण्याचा, हसतमुख, नोकरीत हुशार. पण शुद्ध शाकाहारी.

यात अडचण काय, असं कुणी विचारलं तर तो पेणचा नाही हे मी ओळखते. आमच्या खारेपाटात घराशेजारी तळं असतं आणि तळ्यात जिताडा वाढवतात. चंदेरी अंगाचा, मोठ्या तोंडाचा, खाडीतला मासा. वाढवलेला जिताडा दोनच ठिकाणी जातो, जावयाच्या ताटात नाहीतर साहेबाच्या बंगल्यावर. मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे बंगल्याच्या वाटेबद्दल जास्त बोलत नाही. थोरला जावई आला की आमचे हे स्वतः तळ्यात जाळं टाकतात. धाकट्याला मात्र पोह्याचे पापड. “ज्याला जिताडा वाढता येत नाही तो जावई पाहुण्यासारखाच राहणार,” असं हे म्हणत, आणि मलाही ते पटत होतं.

सायली राहते ती खलिफा सिटी म्हणजे एकसारख्या मातकट रंगाच्या बंगल्यांची वस्ती. रस्ते रुंद, झाडं नेमाने कापलेली, आणि रस्त्यावर चालणारं माणूस दिसेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना कोपऱ्यात एक मोठी पेटी दिसली. उघडली तर खणाखणांत मासे. लाल, पोपटी, सोनेरी, डोळे रंगवलेले. नातीची खेळणी असतील म्हणून एक उचलला आणि बोटात गळ घुसला.

“आजी, डोन्ट टच. दॅट्स बाबाज लुअर,” ईरा शांतपणे म्हणाली.

लुअर म्हणजे खोटं आमिष. सायलीने बोटाला औषध लावता लावता सगळं सांगितलं. मंदारराव सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जातात. चांगली सात-आठ वर्षं झाली. “तू चिडवशील म्हणून बोलले नाही, आई.”

“आणि खातात?”

“छे. पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो.”

मी कपाळाला हात लावला. लग्नाला जाऊन न जेवता परत यायचं, त्यातला हा प्रकार.

संध्याकाळी जावई ऑफिसातून आले. माझं बोट पाहून ओशाळले आणि पेटी घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले. मग नळ सुटावा तसे बोलायला लागले. हा पाण्यावर तरंगतो आणि गुळगुळ आवाज करतो. हा ओढला की खाली बुडी मारतो. हा रबरी, याची शेपूट खऱ्यासारखी हलते. मासा भुकेनेच येतो असं नाही, कधी नुसता चिडून झडप घालतो. मी किंमत विचारली. “साठ दिरहम. म्हणजे साधारण चौदाशे रुपये,” ते म्हणाले. त्यात खरा मासा आला असता, हे मी मनात म्हटलं. चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण सायली हसत होती.

त्यांनी खोर फक्कानची गोष्ट सांगितली. बंदराबाहेर बोटीवर असताना गळाला काहीतरी प्रचंड लागलं. चौघांनी आळीपाळीने ओढलं, हात सोलवटले, आणि वर आला तो जहाजाचा जुना दोरखंड. त्याचाही फोटो काढला होता. मग एका माशाचा फोटो दाखवून ते थांबले. “हा मात्र मला एकदाही मिळाला नाही. सी बास. रास अल खैमाला एका फार्मच्या तलावात आमच्या ग्रुपची टुर्नामेंट असते. दर वर्षी लागतो आणि दर वर्षी सुटतो. ग्रुपमध्ये म्हणतात, माशांना व्हेज माणसाचा वास येतो.”

ते हसत सांगत होते, पण ते त्यांना लागलेलं होतं. मी चष्मा लावून फोटो पाहिला.

“अहो, हा तर जिताडा.”

“जिताडा हाच? तुमच्या तळ्यातला?”

त्या रात्री जेवण थंड झालं. जिताडा कुठे दबा धरतो, केव्हा खातो, कोळंबीच्या मागे कसा लागतो, जावई विचारत होते आणि मी सांगत होते. शेवटी ते म्हणाले, “शनिवारी येता का? प्रत्येकाबरोबर जाळं धरायला एक माणूस चालतो. सायली दर वर्षी ऐन वेळी फोनवर असते.”

शनिवारी अंधार असतानाच निघालो. सायली गाडी चालवत होती, ईरा मागे झोपली होती. वाटेत पेट्रोल पंपावर कडक चहा घेतला. ‘करक’ म्हणतात त्याला. साखर आमच्या तिळाच्या लाडवाला लाजवेल इतकी. दोन्ही बाजूंना वाळू, मग काटेरी झुडपं, मग एकदम समोर डोंगर. बोडके, तांबूस, गवताची काडी नाही. पायथ्याशी सिमेंटचे कारखाने आणि ट्रकांची रांग पाहून पेणजवळच्या वडखळ नाक्याची आठवण झाली आणि परका मुलूख जरा ओळखीचा वाटला.

फार्म म्हणजे खजुरीची बाग आणि मधोमध लांबट तलाव. मालक अबू सालेम, पांढरी दाढी, पांढरा पायघोळ कंदुरा. त्यांनी सगळ्यांना खजूर आणि गहवा (वेलचीची बिनदुधाची कॉफी) दिला. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा बरी होती.

“अम्मा, ये मछली लोग हमारा मेहमान है. मेहमान को खाते नहीं.”

“हमारे इधर मेहमान को मछली खिलाते हैं,” मी म्हटलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माणसं जमली ती तऱ्हेतऱ्हेची. मराठी, मल्याळी, पाकिस्तानी, आणि आमच्या शेजारी जोसी नावाची फिलिपिनो नर्स, जिने गुलाबी टोपी घातली होती. पंच होता केरळचा बिजू. त्याने नियम सांगितला. “सबसे लंबा सी बास जीतेगा. नाप के छोड़ना है. मेरे सामने अपने आप तैर के गया, तो काउंट. नहीं गया तो खलास.”

यल्ला, म्हणजे चला, असं म्हणून सगळे पसरले. मी अनुभवाच्या जोरावर जावयाला खजुरीच्या सावलीत, पाणी पडणाऱ्या पाइपापाशी उभं केलं. जिताडा तिथेच असणार. दोन तास त्यांनी तिथे गळ टाकला आणि दोन वेळा खजुरीची झावळी पकडली. पलीकडे जोसीचा मासा मोजला गेला, टाळ्या झाल्या, तो पोहत गेला. माझा सल्ला पाण्यात गेला होता. जावई तरीही मी सांगितलं तिथेच गळ फेकत राहिले, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

ऊन चढलं. मंदाररावांनी पोपटी लुअर लावला आणि कंटाळून भलतीकडेच, उघड्या पाण्यात फेकला. तो पाण्यावर पडला, गुळगुळ वाजला, आणि फट्कन आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखते. जिताड्याने तोंड मारलं होतं.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. काठी वाकली, चाकातून दोर कर्रकर्र सुटला, मासा अख्खा पाण्याबाहेर उसळला आणि त्याने मान झटकली. जावयाचा चेहरा पांढरा पडला. “सुटणार,” ते पुटपुटत होते, “आता सुटणार.” मी सायलीची ट्रॅकपँट घातली होती, ती गुडघ्याच्या वर खोचली आणि जाळं घेऊन पाण्यात शिरले. तळाचा चिखल मऊ होता, अगदी घरच्यासारखा. मासा दमून जवळ आला तसं मी जाळं त्याच्याखालून घातलं आणि उचललं. चांगलाच वजनदार होता. माझ्या हाडीमाशी खिळलेली सवय जागी झाली. पेणच्या बाजारात मी जन्मभर जे केलं तेच केलं. कल्ल्यात बोटं घालून मासा बाहेर काढला, अंगठ्याने झाकण उचललं आणि आत पाहिलं. लालभडक.

“ताजा आहे हो,” मी ओरडून सांगितलं.

“आई, हात काढा तो. आधी हात काढा.”

मंदारराव माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. ते धावत पाण्यात आले, घाईत त्यांनी मासा धरला आणि त्याच्या गालफडाची धार त्यांच्या तळव्यातून गेली. जिताड्याच्या गालाला सुरी असते, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. बिजूने गळ सोडवला आणि ओल्या पट्टीवर मासा मोजला. मग आम्ही तो पाण्यात ठेवला आणि तो आडवा झाला. पांढरं पोट वर. कल्ल्यातून रक्ताची बारीक रेघ येत होती. ती माझ्या बोटांची करणी होती.

“थोड़ा टाइम देता हूँ,” बिजू खालच्या आवाजात म्हणाला.

जावयाच्या हातातून रक्त वाहत होतं, त्यांना पकडता येईना. “तुम्ही धरा,” ते म्हणाले. “एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी. सरळ करा. तोंड पाइपाच्या धारेकडे. हळू पुढे न्या. मागे ओढू नका.” ते सांगत गेले, मी करत गेले. आजवर माशाच्या पोटाखाली हात घातला तो गाबोळी, म्हणजे अंडी, आहे का हे बघायला. आता तोच हात मासा पडू नये म्हणून धरला होता. जोसीने टोपी काढली होती. मला फार अपराधी वाटत होतं. परक्या मुलखात येऊन मी जावयाची इतक्या वर्षांची एकुलती एक इच्छा मारली, असंच मला वाटलं.

“श्वास घेतोय का?” मंदाररावांनी विचारलं.

“नाही.”

“चालत राहा.”

मी कमरेएवढ्या पाण्यात चालत राहिले. जा रे बाबा, मी त्याला म्हणत होते, जा. देवाला मी खूप काही मागितलं आहे, पण मासा जगू दे, असं कधी मागितलं नव्हतं. त्या दिवशी मनापासून मागितलं.

मग कल्ला हलला. एकदा, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा. शेपूट माझ्या मुठीत घट्ट झाली. अंगात जीव परत येतो तो हाताला कळतो.

“आता सोडा, आई,” जावई म्हणाले.

मूठ उघडायला मला क्षणभर जड गेलं, खोटं कशाला सांगू. एवढा सुरेख जिताडा हातातून कुणी सोडतं का? पण उघडली. तो तिथेच थांबला, माझ्या पोटरीला घासून वळला आणि गढूळ पाण्यात खाली गेला.

“गया,” बिजू म्हणाला. “काउंट.”

जोसीचा मासा दोन बोटं जास्त लांब निघाला. मंदारराव दुसरे आले, बक्षीस म्हणून आणखी लुअरांची पेटी मिळाली, आणि ‘व्हेज’ म्हणून चिडवणाऱ्या मित्रांनी त्यांना उचलून तलावात टाकलं. जेवायला अबू सालेमनी बाजारातून आणलेला मासा आणि भात होता. मोठ्या परातीत, वर तळलेला कांदा आणि बेदाणे. मी दोनदा घेतला. मंदारराव एका हाताला पट्टी बांधून, दुसऱ्या हाताने डब्यातला दहीभात खात होते.

“हबीबी, पकड़ता है, खाता नहीं. सास खाती है, पकड़ती नहीं,” अबू सालेम म्हणाले. “अच्छा घर है.”

परतताना मंदारराव माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसले. म्हणाले, “मी तुमच्यावर ओरडलो. सॉरी.”

“ओरडायलाच हवं होतं,” मी म्हटलं. आणि मनात आलं ते सांगून टाकलं, “घरचा माणूसच असा ओरडतो.” त्यावर ते तो मासा कसा लागला हे पहिल्यापासून सांगायला लागले. मी तिथेच होते, तरी सगळं ऐकून घेतलं. अबुधाबी येईपर्यंत तो मासा हातभर वाढला होता.

पुढचे दिवस दाखवायच्या जागा दाखवण्यात गेले. उंच इमारती पाहिल्या, संगमरवरी मशीद पाहिली, सोन्याच्या बाजारात काही न घेता हिंडले. सगळं छान होतं आणि सगळ्याचे फोटो आहेत. पण प्रवास म्हणून माझ्या हाताला आठवते ती मुठीत घट्ट झालेली शेपूट. मासे खायचे मी सोडलेले नाहीत, सोडणारही नाही. फक्त बाजारात कल्ला उचलताना अंगठा जरा थबकतो.

पेणला घरी आले तेव्हा ह्यांनी चहा टाकून ठेवला होता. मी तलावाची हकीकत सांगायला घेतली.

“मंदाररावांनी? जिताडा पकडला?” ह्यांचा विश्वास बसेना. “केवढा?”

मी हात पसरून दाखवला.

“मग काय केलंस त्याचं, कालवण?”

“नाही. सोडला.”

ह्यांनी कपबशी खाली ठेवली. मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, “जावयाने सोडला म्हणजे तू तरी काय करणार?”

“जावयाने नाही हो,” मी म्हटलं. “मी सोडला.”