तिसरं गाणं, दिवस मावळायच्या आत

भुताखेतांच्या गप्पांना मी आजवर फक्त हसत आलोय. बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे, शंका घेणं हेच माझं काम. त्यामुळे याही वेळी पहिली शंका घेतली ती माणसावरच – माझ्या मित्रावर, संदीपवर.

संदीपनं घरीच लॅपटॉपवर एक आल्बम केला. सिंथेसायझर, संथ ड्रम्स, लांबच लांब सूर... शब्द नाहीतच. "हेडफोन लाव, डोळं मीट, मधी उठायचं न्हाय," असं बजावून त्यानं फाइल पाठवली. बेळगावात कॅम्प भागात माझी भाड्याची खोली आहे. रविवारी, खिडकीत अजून ऊन असताना ऐकायला बसलो. तिसऱ्या गाण्यात, सुरांच्या मागून, आई बोलली.

"दिवस बुडाय लागलाय, ताटावर ये रं!"

आई जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही निपाणीकडचे जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. ही तिची रोजची हाक. माझा जुना फोन बिघडला तेव्हा त्यात साठवलेला तिचा आवाज गेला तो गेलाच. त्यासाठी मी किती रडलोय, मलाच माहीत. संदीप मात्र आमच्याकडे जेवायला यायचा, मोबाइल कायम हातात. म्हणजे यानं चोरून रेकॉर्ड केलं आणि गाण्यात घातलं! डोकंच फिरलं. फोनवर शिव्या घातल्या आणि तसाच त्याच्या घरी गेलो.

पोचेपर्यंत अंधार पडला होता. त्यानं गाणं लावलं... आवाज नाही. एकेक वाद्य वेगळं करून ऐकवलं. नाही. "शप्पत, म्या काय घातलेलं न्हाय," म्हणाला. मला वाटलं, मी यायच्या आत पुसलं लेकानं. म्हणून माझ्या फोनमधली फाइल लावली – तिच्यातही आई नाही! दुसऱ्या दिवशी उजेडात लावली, तर आई हजर.

निपाणीला आक्काला, थोरल्या बहिणीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दिवस बुडाल्यावर आई कवा जेवाय बोलवायची व्हय रं? तू जेवतोस का येळंवर?"

नाही जेवत. आई गेल्यापासून शिफ्टचं निमित्त करून रात्रीच जेवतो.

मग एकदा संध्याकाळी उजेडातच जेवलो, हात धुतले आणि गाणं लावलं. नुसते सूर.

संदीपवरचा संशय अजून पुरता गेलेला नाही... पण हे त्यानं केलं तरी कसं? कुणाला सुचत असेल तर सांगा. तोवर सुट्टीच्या दिवशी मी ऊन उतरेपर्यंत हेडफोन लावून बसतो. मुद्दाम उपाशी.